तीन मारुती आणि एक पायथन

डिलाईल रोडचं सरकारी नाव ना. म. जोशी मार्ग. नारायण मल्हार जोशी हे १९२० साली आयटक स्थापन करणाऱ्यांपैकी एक. उभा जन्म कामगारांसाठी घालवला, म्हणून कामगारांच्याच वस्तीतल्या रस्त्याला त्यांचं नाव लागलं. पण टॅक्सीवाला, चंदगडच्या ट्रॅव्हल्सचा क्लीनर आणि गावाकडची म्हातारी यांच्या लेखी रस्ता अजून डिलाईलसाहेबाचाच. याचा माझ्याशी संबंध एवढाच की, आमच्या ग्रामस्थ मंडळाच्या सभासद-यादीत एकाच चाळीचा पत्ता ‘डिलाईल रोड’, ‘डिलाइल रोड’, ‘ना. म. जोशी मार्ग’, ‘एन. एम. जोशी मार्ग’ आणि ‘करी रोड स्टेशनजवळ’ अशा पाच तऱ्हांनी नांदत होता, आणि संगणकाच्या मते आमचं गाव मुंबईत पाच ठिकाणी राहत होतं.

प्रत्यक्षात ते एकाच गाळ्यात राहतं. आजरा, चंदगड, गडहिंग्लजकडची गावं गिरण्यांच्या काळात या रस्त्यावर उतरली ती मंडळासकट उतरली. गावाने वर्गणी काढून चाळीत खोली घ्यायची, तिला गाळा म्हणायचं, आणि गावचा जो पोरगा एसटीतून ट्रंक घेऊन उतरेल त्याला तिथे जागा द्यायची. जागा म्हणजे वळकटीएवढी. पहिल्या पाळीवाला उठला की तिसऱ्या पाळीवाला त्याच चौकटीत आडवा व्हायचा. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले, पुढे गिरण्याच बाहेर पडल्या. त्यांच्या जागी काचेच्या इमारती आल्या. त्यातल्या एकीत मी दिवसभर इतरांच्या विदागारांची राखण करतो. गाळा मात्र जागेवर आहे. आता त्यात कुरिअरवाले, ड्रायव्हर आणि पोलीसभरतीची पोरं झोपतात आणि महिन्याला वर्गणी भरतात.

ही वर्गणी नाना लिहितात. नाना आमचे खजिनदार. पूर्वी साचेखात्यात होते, त्यामुळे अजूनही मोठ्याने बोलतात. त्यांच्याकडे लाल कापडी बांधणीची कीर्द आहे, खतावणी आहे आणि कार्बन घातलेलं पावतीपुस्तक आहे. कीर्दीच्या पहिल्या पानावर ‘श्री’, त्याखाली ग्रामदैवत, त्याखाली नानांची सही. ग्रामदैवतापेक्षा सही मोठी आहे.

तर अध्यक्षांच्या पुतण्याने, जो बीएस्सी आयटीच्या शेवटच्या वर्षाला आहे, बैठकीत जाहीर केलं की वर्गणी आता मोबाइलवर दिसेल. त्याने पायथनमध्ये एक छोटा एपीआय लिहिला होता. म्हणजे असं की मोबाइलने विचारायचं ‘अमक्याचे किती आले?’ आणि पलीकडून कोरडं उत्तर यायचं, चहापाणी नाही. फ्लास्क नावाची चौकट, पन्नासेक ओळी. पोरगं हुशार आहे, हे आधीच सांगतो. नाहीतर पुढचं वाचून तुमचा गैरसमज होईल.

प्रात्यक्षिक झकास झालं. नावं भरली, आकडे उमटले, टाळ्या पडल्या. तेवढ्यात अध्यक्षांच्या लक्षात आलं की ‘ग्रामस्थ’मधला ‘स्थ’ चुकलाय. पोराने कोड उघडला, अक्षर दुरुस्त केलं, जतन केलं. कोड जतन झाला की फ्लास्क सरावाच्या अवस्थेत आपणहून पुन्हा सुरू होतो. झाला. आणि सगळी वर्गणी शून्य.

“पैसं कुटं गेलं?” नाना.

“पैसे आहेत नाना, नोंदी गेल्या.”

“आमच्या पीएफाचं पन साहेब असंच सांगत हुता.”

कोड बघायला मला बोलावण्यात आलं. मंडळात माझं पद ‘सल्लागार’ आहे. म्हणजे सल्ला कुणी विचारत नाही, पण प्रोजेक्टर माझ्याकडून नेतात. पाहतो तर वर्गणी ठेवायला पोराने पायथनची एक साधी यादी केली होती, दोन चौकटी कंसांची. ती यादी राहते मेमरीत. कार्यक्रम थांबला की यादी गेली. शिकवणीतल्या उदाहरणांत असंच असतं, कारण शिकवणीत कुणाचे पैसे नसतात.

तरीही पोराने ते भाड्याच्या सर्व्हरवर चढवलंच होतं. तिथे नवीनच चमत्कार. एकदा पाहिलं तर पाचशे जमा, पान ताजं केलं तर काहीच नाही, पुन्हा ताजं केलं तर पाचशे हजर. सर्व्हरवर गनिकॉर्न नावाच्या कार्यक्रमाने दोन वर्कर उभे केले होते आणि प्रत्येकाच्या पोटात स्वतःची वेगळी यादी होती. ज्याच्या हाती विनंती पडेल तो आपल्या यादीतून उत्तर द्यायचा. मी हे नानांना समजावलं.

“दोन वर्कर, एकच खातं, आनि एकमेकांस्नी काय ठाव न्हाई?”

“नाही.”

“मग युनियन काडा की त्येंची.”

डिलाईल रोडवर राहून याला उत्तर नाही.

पोराने मग यादी सोडली आणि कोश घेतला. नाव हीच किल्ली, वर्गणी हा मजकूर. आमच्या गावात निम्मं गाव एका आडनावाचं, आणि मारुतीचं देऊळ वेशीवर असल्यामुळे प्रत्येक घरात एक मारुती. गाळ्यात सध्या तीन मारुती आहेत, तिघांचं नाव-आडनाव एक. कोशाची किल्ली एकदाच असते. दुसरा मारुती भरला की पहिला पुसला गेला, तिसरा भरला की दुसरा. दोघा मारुतींना थकबाकीचे निरोप गेले. त्यातला एक पोलीसभरतीचा आहे, रोज पहाटे धावतो. तो संध्याकाळी पोराच्या घरापर्यंतही धावत गेला.

नानांच्या खतावणीत ही अडचण कधीच नव्हती. तिथे एक ‘मारुती, वरची आळी’, दुसरा ‘मारुती तळ्याकडचा’, आणि तिसरा ‘मारुती (लई खातो)’. शिवाय प्रत्येकाला पान क्रमांक. नाव हा माणसाचा पुरावा नसतो, पान क्रमांक असतो, ही गोष्ट नानांना सातवी पास होऊन कळलेली. आमच्या धंद्यात तिला प्राथमिक किल्ली म्हणतात आणि तिच्यावर आख्खं सत्र चालतं.

मधला काही काळ जेसन फाईलचा. नोंदी मेमरीतून निघून फाईलमध्ये उतरल्या, म्हणजे वीज गेली तरी राहणार. नानांनी ती फाईल उघडून दाखवायला लावली. मारुतीच्या जागी तिरकी रेघ, यू, शून्य नऊ दोन ई, मग पुन्हा तिरकी रेघ, पुन्हा यू, असं ओळभर चाललं होतं. पायथन जेसन लिहिताना इंग्रजीबाहेरची अक्षरं अशी सांकेतिक करून ठेवतो. तसं करू नकोस म्हणून एक शब्द सांगावा लागतो. नाना चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिले.

“ह्यो मारुती?”

“हो.”

“शेपूट तेवडं दिसतंय.”

पण खरा घोळ लिहिण्याच्या रीतीत होता. एक पावती वाढवायची तरी पोराचा कोड आख्खी फाईल लिहिण्यासाठी उघडायचा. तसं उघडताच ती आधी रिकामी होते आणि मग पहिल्यापासून भरली जाते. त्या दोहोंच्या मधल्या क्षणी काही बंद पडलं तर हातात कोरी फाईल. नानांना हे ऐकून खरोखर घाम फुटला. “म्हंजे आदी जुनी वही फाडायची, मग नवी लिवायची? कुनी शिकीवलं रं तुला?” वाटेवरचा उपाय म्हणजे नवी फाईल बाजूला लिहून पूर्ण झाल्यावर एका झटक्यात जुनीच्या जागी ठेवणं. पण दोघांनी एकदम वर्गणी भरली तर एकाची नोंद दुसरा पुसणार, ते तसंच राहिलं. महिन्याच्या सात तारखेला, पगार झाल्यावर, सगळे एकदमच भरतात.

पावती क्रमांकाची कथा तर नाटकात घालण्यासारखी. पोराचा हिशेब सोपा: आजवर जितक्या पावत्या, अधिक एक. चाळिसावी पावती चुकली म्हणून त्याने ती उडवली, आणि पुढच्या माणसालाही चाळीसच क्रमांक मिळाला. नाना पावती फाडून टाकत नाहीत. चुकली तर तिच्यावर तांबड्या शाईने तिरपं ‘रद्द’ लिहितात, आणि मूळ प्रत परत घेऊन कार्बनच्या प्रतीला टाचतात. का, तर उद्या कुणी ‘माझी चाळीस नंबरची पावती होती’ म्हणत आला तर चाळीस नंबर कुठे गेला ते दाखवता आलं पाहिजे. माझ्या कचेरीत हाच नियम घालून घ्यायला आम्ही बाहेरून सल्लागार आणला होता, विमानाने.

शेवटी मी म्हटलं, एसक्युलाइट घ्या. पोराला त्याहून भारी काहीतरी हवं होतं. मोठ्या कंपन्या वापरतात ते. माझं मत स्पष्ट आहे: एका गाळ्याच्या वर्गणीला वेगळा विदा-सर्व्हर ठेवणं ही हौस आहे. एसक्युलाइट म्हणजे एक फाईल, वेगळा सर्व्हर नाही, आणि पायथनबरोबर २००६ पासून फुकट येतं. तुमच्या खिशातल्या फोनमध्येही ते आहेच. लिहिताना एका वेळी एकालाच लिहू देतं, बाकीचे थांबतात. नाना म्हणाले, वहीत एका वेळी एकानंच लिवायचं असतंय, त्यात नवीन काय?

मग त्यांनी चौकशी केली की हे बनवलं कुणी. रिचर्ड हिप नावाच्या अमेरिकन माणसाने २००० साली, तिथल्या नौदलाच्या विनाशिकेवरच्या एका कामातून. जहाजावरचा विदा-सर्व्हर बंद असला की त्याचा कार्यक्रम आडवा व्हायचा आणि बोलणी याला बसायची. म्हणून मधला सर्व्हरच काढून टाकला. नाना खूश. “आनि ती तुजी फ्लास्क?” पोराने प्रामाणिकपणे सांगितलं की, आर्मिन रोनाखर नावाच्या प्रोग्रामरने २०१० च्या १ एप्रिलला गंमत म्हणून एक चौकट सोडली होती, लोकांनी ती खरीच मानली, त्यातून फ्लास्क झाली.

“म्हंजे गावाचा पैसा एप्रिल फूलवर?”

त्यांना शांत करायला दोन कप चहा लागला.

सभासदांचा एक तक्ता, पावत्यांचा दुसरा. पावतीवर नाव नाही, सभासदाचा क्रमांक. यादीत नसलेल्या माणसाची पावती फाटणार नाही. हा नियम एसक्युलाइट पाळतं, पण दर वेळी जोडणी झाल्यावर ‘पाळ बाबा’ म्हणून सांगावं लागतं. ते न सांगितल्यामुळे भलेभले झोपलेत. पावती आणि शिल्लक एका व्यवहारात: दोन्ही होतील किंवा एकही नाही. पुसण्याऐवजी ‘रद्द’चा रकाना. आणि रक्कम पैशांत, पूर्णांकात. कारण खानावळीच्या मावशींचं बिल माणशी वाटताना पायथनच्या दशांशात शून्य पॉइंट एक अधिक शून्य पॉइंट दोन ही बेरीज शून्य पॉइंट तीनच्या किंचित पुढे जाते, शेपटाला चार घेऊन. मावशींना तो चार समजावण्यापेक्षा पैसे मोजणं सोपं.

जुन्या नोंदी नव्या तक्त्यात नेताना पोरगं म्हणालं, “काही दिवस सगळं बंद ठेवू.” गाळ्यात एकदम शांतता पसरली. आमचा लोअर परळचा पूल २०१८ च्या जुलैत असाच बंद झाला होता, तो पुरता खुला व्हायला २०२३ चा नोव्हेंबर उजाडला. नाना एवढंच म्हणाले, “पुलासारकं का?” पोराने रात्रीत काम उरकलं.

सगळं झालं आणि पहिल्याच महिन्याची बेरीज आली कीर्दीपेक्षा कमी. एकही पावती हरवलेली नाही, प्रत्येक रक्कम पडद्यावर दिसते, बेरीज कमी. पोराचा चेहरा पडला, माझाही पडायच्या बेतात. शेवटी दिसलं की कमी पडलेल्या सगळ्या पावत्या नानांनी स्वतःच्या फोनवरून भरलेल्या, आणि नानांचा कळफलक मराठी. त्यांनी ‘५००’ लिहिलं होतं, आपल्या अंकांत. पायथनला देवनागरी आकडे कळतात. त्याला ‘५००’चा पूर्णांक कर म्हटलं तर निमूट करतो. पण पोराने पायथनला विचारलंच नव्हतं, मजकूर जसाच्या तसा पुढे ढकलला होता. एसक्युलाइटला हे अंक कळत नाहीत. आकड्याच्या रकान्यातही त्याने ते अक्षरं म्हणून ठेवून घेतले, तक्रार न करता, आणि बेरजेच्या वेळी शून्य धरले. २०२१ पासून त्याला कडक तक्ता मागता येतो, मग तो असा मजकूर दारातच अडवतो. मागितला. आत येणारी प्रत्येक रक्कम आधी पायथनच्या हातून काढली, मग शंभराने गुणून पैशांत.

“माजं पाश्शे शून्य धरलं त्येनं?” नाना.

“अक्षर वाटलं त्याला.”

“अक्षर माजं चांगलंच हाय.”

उरली प्रत. फाईल एकच असल्यामुळे एक प्रत बाहेर कुठेतरी हवी, असं मी सुचवलं. पोरगं क्लाउड म्हणालं, नानांनी भाडं विचारलं, विषय संपला. नानांचा बंदोबस्त असा: दर महिन्याला प्रत पेनड्राइव्हमध्ये घालायची, पेनड्राइव्ह प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी खोबऱ्याच्या वाट्यांच्या पार्सलात, आणि पार्सल रात्रीच्या ट्रॅव्हल्सने गावच्या पुजाऱ्याकडे. मुंबई बुडाली तरी हिशेब देवळात कोरडा. जोखीम वाटून टाकण्याची इतकी नीट योजना मी आमच्या कचेरीतल्या कागदांत पाहिलेली नाही.

पहिली प्रत गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी पुजाऱ्याचा फोन आला. खोबरं मिळालं. पेनड्राइव्ह काकड आरतीच्या वेळी देवळाच्या स्पीकरला लावून बघितला, एकही अभंग लागत नाही. फाईल खराब आलीय, दुसरी पाठवा.