दिव्याची ताकीद

मोटारीचे चाक वळणानंतर सरळ झाले की तिचा इंडिकेटर आपणहून विझतो; आपल्याकडच्या बहुतेक मोटारसायकलींवर मात्र ही जबाबदारी स्वाराच्या अंगठ्याकडे सुपूर्द केलेली असते, आणि अंगठा हा अवयव दस्तऐवजावर उमटण्यासाठी कितीही ख्यातनाम असला तरी स्मरणशक्तीसाठी त्याची कोणी कधी स्तुती केल्याचे ऐकिवात नाही. त्याला ताकीद देण्यासाठी मीटरमध्ये एक हिरवा दिवा असतो खरा. परंतु वैशाखातल्या भर दुपारी साताऱ्याच्या पोवई नाक्यावर तो पेटला आहे की नाही याचा निवाडा करायला मस्तक इतके लववावे लागते की, समोरच्या एसटीच्या चालकाला आपल्याला मुजरा होत आहे असे वाटावे.

म्हणून मी त्या जागी झगझगीत एलईडी बसवण्याची, आणि गाडी उघडलीच आहे तर पुढचेमागचे दिवेही तसेच करण्याची तजवीज केली. कारागीर म्हणाला, "साहेब, फ्लॅशरबी बदलाय लागंल." जुना फ्लॅशर दिव्यांच्या विद्युत्भाराच्या अदमासाने चालतो, दहा-दहा वॉटचे बल्ब जाऊन हे अल्पाहारी दिवे आले की, एखादा बल्ब निकामी झाला असा त्याचा ग्रह होतो, आणि मिनिटाला 60 ते 120 उघडझापींची कायदेशीर मर्यादा सोडून तो सावकार दारात आलेल्या कुळासारखा धडधडू लागतो.

फ्लॅशर बदलला. नवा दिवा असा प्रखर निघाला की वळण संपल्यावर तो चालू ठेवणे ही बेअदबी वाटावी. आता मला स्मरण देण्याची कोणालाही गरज उरली नाही, आणि नेमक्या याच कारणाने माझ्या मुलखातील एका पुरातन लोकखात्यावर बेकारीची पाळी आली. कारण साताऱ्यापासून कराड, पेठ नाका, आष्टा या मार्गे सांगलीपर्यंतच्या सुमारे 120 किलोमीटरांत परक्याच्या गाडीचा इंडिकेटर, साइड स्टँड आणि चाकाकडे झेपावणारा ओढणीचा पदर यांवर देखरेख करणे हे प्रत्येक सज्ञान नागरिक आपले वतन समजतो. पद्धतीत फरक आहे, तो इतिहासाचा. 1708 साली शाहू महाराजांचा राज्याभिषेक पाहिलेल्या साताऱ्यात "स्टँड!" असा एकशब्दी हुकूम सुटतो, पटवर्धनांच्या संस्थानी अदबीत वाढलेल्या सांगलीत आधी ख्यालीखुशाली, मग इत्तला.

वतन असे सहजासहजी सुटत नाही. इंडिकेटरमध्ये खोट सापडेना तेव्हा या मंडळींनी माझ्या हेडलाइटकडे मोर्चा वळवला. 1 एप्रिल 2017 पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिनाबरोबर आपोआप पेटतो आणि त्याला बंद करण्याचे बटणच नसते. तथापि ही वार्ता रस्त्याकडेच्या चहाच्या टपऱ्यांपर्यंत रुजू झालेली दिसत नाही, त्यामुळे उंब्रजपासून आष्ट्यापर्यंत पाची बोटांची उघडझाप करणारे हात माझ्या स्वागतास सज्ज असतात.

सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ एक फटफटीवाले गृहस्थ तर बरोबरीने येऊन म्हणाले, "पाव्हणं, बरं हाय न्हवं? लाइट ऱ्हायलाय चालू." केंद्र शासनाचा नियम धावत्या गाडीवरून समजावणे अशक्य असल्यामुळे मी कृतज्ञतेने मान डोलावली. इतक्यात त्यांचे साइड स्टँड खाली लोंबत असल्याचे माझ्या दृष्टीस पडले. मी ताबडतोब, आणि अस्सल सातारी स्वरात, त्यांना कळवले. असल्या देण्याची उधारी ठेवण्याची आमच्याकडे रीत नाही.