चिमणीला कावळ्याचा टेकू

हॅरो, लंडन
14 सप्टेंबर 2025

ती. नाना आणि ती. सौ. आईस,


गेल्या रविवारी फोनवर तुम्ही "इंजिनिअरला पंच्याण्णव हजार?" एवढंच म्हणालात आणि फोन आईकडे दिलात. आई म्हणाली, ते पंखा लावून पडलेत. म्हणून हे पत्र. पीडब्ल्यूडीत असताना मेजरमेंट बुकातली नोंद न् नोंद तपासायचात, तसाच हा हिशेब तपासा. पटला तर सही करा, नाही पटला तर लाल शेरा मारा. मात्र शेवटपर्यंत वाचल्याशिवाय शेरा नको.

आमचं घर तुम्ही पाहिलंय. 1934 चं जोडघर, म्हणजे लंडनच्या महाराष्ट्र मंडळापेक्षा दोन वर्षांनी धाकटं. एका छपराखाली दोन बिऱ्हाडं, मधली भिंत सामाईक, पलीकडे शेजारीण बा. स्वयंपाकघराची रुंदी एसटीतल्या मधल्या वाटेएवढी. कणीक मळणाऱ्यानं कोपर बाहेर काढलं की फोडणी देणाऱ्यानं पोट आत घ्यायचं. शेजारी जेवणाची खोली. मधली सव्वातीन मीटरची भिंत काढून दोन्हींचं एक करायचं, एवढाच आमचा विचार.

तुम्ही व्हिडिओ कॉलवर म्हणालात, "टिचकी मार." मारली. म्हणालात, "फोन भिंतीला लाव." लावला. "पोकळ आहे. पार्टिशन. पाड बिनधास्त," असा निकाल तुम्ही साताऱ्यात बसून, सात हजार किलोमीटरवरून दिलात. बिल्डर तुमच्याही पुढचा. तो म्हणाला, "भाईसाब, बीस साल से दीवारें गिरा रहा हूँ." मी खूश झालो. तुमच्या सूनबाईंनी, मीनलनं, मात्र विचारलं, "भिंती पाडण्याचा वीस वर्षांचा अनुभव आहे, ठीक. वरचा मजला उभा ठेवण्याचा किती?" त्यावर तो चहा प्यायला बाहेर गेला.

इथला नियम असा की आतली भिंत पाडायला प्लॅनिंगची परवानगी सहसा लागत नाही, पण ती भार घेणारी असेल तर बिल्डिंग रेग्युलेशनची मंजुरी घ्यावीच लागते. त्यासाठी तपासनिसाला गर्डरचा हिशेब दाखवावा लागतो. तेव्हा इंजिनिअर शोधायला निघालो.

इथे एक गंमत आहे. आपल्याकडे इंजिनिअर म्हटलं की मुलीचे वडील खुर्ची पुढे करतात. इथे बॉयलर दुरुस्त करणारा इंजिनिअर, वॉशिंग मशीन उघडणारा इंजिनिअर आणि इंटरनेटची वायर ओढणाराही इंजिनिअर. नुसत्या 'इंजिनिअर' या शब्दाला इथे कायद्याचं संरक्षण नाही. ते आहे 'चार्टर्ड इंजिनिअर'ला. म्हणून नावापुढची अक्षरं बघायची. माणूस इन्स्टिट्यूशन ऑफ स्ट्रक्चरल इंजिनिअर्सचा सभासद आहे का, नाहीतर सिव्हिलवाल्यांच्या संस्थेचा तरी आहे का? यातली पहिली संस्था 1908 साली काँक्रीट इन्स्टिट्यूट म्हणून सुरू झाली. म्हणजे हिशेब न करता भिंत पाडणारे बिल्डर तेव्हाही असणार.

तीन भाव आले. पहिला 180 पौंडांचा. तो घरी येणार नव्हता; फोटो पाठवा, गर्डरचा नंबर कळवतो. पत्रिका पाठवून लग्न ठरवावं तसं. दुसरी मोठी कंपनी: 1,100 पौंड, वर 20 टक्के व्हॅट. तिसऱ्या एक बाई, पन्नाशीच्या, स्कॉटलंडच्या, चार्टर्ड, स्वतःचाच व्यवसाय. येऊन बघण्याचे 150, हिशेब आणि ड्रॉइंगचे 420. वर्षाची उलाढाल 90,000 पौंडांच्या आत असली की इथे व्हॅटची नोंदणी सक्तीची नाही, त्यामुळे बाईंच्या बिलावर व्हॅट नव्हता. मराठी मन तिथेच विरघळलं.

बाई आल्या. दारात बूट काढले (आई, हे तुझ्यासाठी). मीनलनं आल्याचा चहा दिला. तो आवडीनं घेतला, दुसरा कपही घेतला. फी मात्र एका पौंडानं कमी झाली नाही. इथे चहा म्हणजे चहाच.

तुमची टिचकी मी त्यांना सांगितली. त्या हसल्या नाहीत, हे त्यांचे संस्कार. म्हणाल्या, पोकळ वाजला तो सुटलेला गिलावा. मग वरच्या खोलीत गेल्या, कोपऱ्यातला गालिचा उचलला आणि फळ्यांवरचे खिळे बघत बसल्या. खिळ्यांच्या ओळी जिथे, तिथे खाली तुळया. त्या तुळया थेट आमच्या 'पार्टिशन'वर येऊन टेकत होत्या. शिवाय वरच्या दोन खोल्यांमधली भिंतही तिच्याच डोक्यावर. नाना, तुम्ही पोकळ ठरवलेली भिंत 91 वर्षं निमूटपणे अर्धं घर डोक्यावर घेऊन उभी होती. आईसारखी.

आता मुख्य गोष्ट. जाता जाता बाई वरच्या मागच्या खोलीत थबकल्या. तिथे सामाईक भिंतीला लागून चिमणीचा विटांचा फुगवटा आहे, ज्याच्यापुढे तुम्ही कपाट ठेवलं होतंत. बाई खाली जेवणाच्या खोलीत आल्या. पुन्हा वर गेल्या. पुन्हा खाली. मग शांतपणे म्हणाल्या, "वर चिमणी आहे. खाली नाही. मग वरची कशावर उभी आहे?"

नऊ वर्षं आम्ही या घरात राहतोय. हा प्रश्न आम्हाला पडला नाही. तुम्ही सहा महिने त्याच कोपऱ्यात सोफ्यावर बसून ई-सकाळ वाचलात, आणि "घर रेल्वेच्या पुलासारखं आहे" म्हणालात. तुम्हालाही पडला नाही.

छताचा तुकडा कापून बघितलं. आधीच्या कुठल्या तरी मालकानं खोली मोठी दिसावी म्हणून खालचा फुगवटा काढून टाकला होता. वरच्या विटा आणि छपरावरचं धुराडं मिळून टन-दीड टनाच्या वर वजन, आणि त्याखाली लाकडाच्या दोन फळ्या व एक गंजकी लोखंडी पट्टी. ना हिशेब, ना मंजुरी, ना दाखला. हे घर घेताना कळायला हवं होतं. पण तेव्हा आम्ही बँकेच्या मूल्यांकनावर भागवलं होतं आणि सर्व्हेअरचे पाचशे पौंड वाचवले होते. कोणाच्या सल्ल्यानं, ते लिहीत नाही. तुम्ही पंख्याखाली आहात.

बाईंनी त्याच संध्याकाळी सोफा हलवायला लावला आणि बिल्डरकडून तिथे लोखंडी टेकू बसवून घेतले. साइटवर तुम्ही ज्यांना जॅक म्हणायचात तेच, नळीत नळी, मध्ये आटे. इथे त्यांना 'अक्रो' म्हणतात. विल्यम द विझिए नावाच्या स्विस माणसानं 1935 च्या सुमारास हे टेकू काढले. कंपनीला नाव काय द्यावं सुचेना, तेव्हा आपल्या वकिलाचं दिलं, असं सांगतात. वकिलाचं नाव ए. क्रो. क्रो म्हणजे कावळा. तेव्हा आई, नातवंडांना सांग, गोष्टीतलं चिऊ-काऊचं भांडण हॅरोमध्ये मिटलंय. चिमणीचं घर पडायला आलं होतं आणि ऐन पितृपक्षात कावळा तिला डोक्यावर घेऊन उभा आहे. आम्ही आल्या-गेल्याला तो दाखवतो. कावळा शिवलाय म्हटल्यावर पितर तृप्त असणार.

चिमणीखाली घालायचा गर्डर सामाईक भिंतीत शिरणार, म्हणून 1996 च्या पार्टी वॉल कायद्याप्रमाणे शेजाऱ्याला दोन महिने आधी लेखी नोटीस द्यावी लागते. शेजाऱ्यानं 14 दिवसांत लेखी होकार दिला नाही, तर वाद आहे असं कायदाच धरून चालतो. मग दोन्हीकडचे सर्व्हेअर, आणि त्यांचं बिल बहुतेक वेळा काम काढणाऱ्याच्या माथी. बा 1972 साली युगांडातून एका सुटकेसनिशी इथे आल्या. कागद बघितला की आधी त्यांच्या कपाळाला आठी पडते. मीनल गणपतीत 21 मोदक आणि नोटीस एकाच ताटात घेऊन गेली. बांनी सही केली, काम लवकर सुरू करायलाही संमती दिली, आणि म्हणाल्या, "आ चिमणी तो मारी पण छे ने?" खरंच, धुराडं दोघांच्यात एकच आहे. त्यामुळे सर्व्हेअरची फी वाचली. मोदकांचा खर्च मी हिशेबात धरलेला नाही.

बाईंचा अहवाल चौदा पानी आला. तुम्हाला वेगळा पाठवलाय. दुपारची झोप सोडून वाचाल, खात्री आहे. घरगुती मजल्यावर चौरस मीटरला दीड किलोन्यूटन, म्हणजे साधारण दीडशे किलोंचा भार धरलाय. आईनं 23 किलोच्या बॅगेतून पाठवलेला खलबत्ता त्यात बसतो, मी विचारून घेतलं. माणसं-सामानाच्या भारानं गर्डरनं स्पॅनच्या 360 व्या भागापेक्षा जास्त वाकायचं नाही, म्हणजे आमच्याकडे नऊ मिलिमीटर. तुम्ही ज्याला बेड ब्लॉक म्हणता तो गर्डरच्या दोन्ही टोकांखाली आहे. इथे त्याला पॅडस्टोन म्हणतात. आणि बिल्डर "सेफ्टीसाठी" 254 चा गर्डर सांगत होता, तिथे हिशेबानं 203 चा पुरला. छत जवळपास पाच सेंटिमीटर उंच राहिलं. पुढच्या खेपेला तुमची टोपी घासणार नाही.

आता हिशेब:

भेट आणि पाहणी: 150 पौंड
गर्डरचा हिशेब आणि ड्रॉइंग: 420 पौंड
चिमणीचं वाढीव काम: 260 पौंड
एकूण: 830 पौंड

पौंडाला 115 रुपये धरले तर 95,450. आकडा तुमचा बरोबर आहे, नाना. पण याच कामात फरशीच्या टाइल्सना 1,240 पौंड गेले. तो फोटो पाठवला तेव्हा तुम्ही "रंग छान आहे" म्हणालात, पंखा लावला नाहीत. टाइल चुकली तर डोळ्याला खुपते. चिमणी चुकली असती तर सोफ्यावर आली असती.

बाईंना आपण चौदा पानांचे पैसे दिले असं मलाही आधी वाटलं होतं. दिले ते त्या एका प्रश्नाचे, आणि प्रश्नाखाली सही करून जबाबदारी घेण्याचे. त्या सहीमागे त्यांचा विमा आहे. उद्या घर विकताना घेणाऱ्याचा वकील पहिला विचारणार, भिंत काढल्याचा पूर्णत्वाचा दाखला कुठे आहे? तो तपासनीस देतो, या सहीच्या आधारावर.

आणि खरं सांगू? हे लिहिताना मला सारखे तुम्ही दिसत होतात. आपल्या पेठेत कोणाच्या स्लॅबला भेग गेली की, "नानासाहेब, जरा बघून जाता का?" तुम्ही जायचात, गुडघे टेकून बघायचात, अर्धा तास समजावून सांगायचात आणि एक कप चहा पिऊन परत यायचात. त्यात कित्येकांनी ऐकलंच नाही, कारण फुकट मिळालेलं होतं. पैसे मोजले असते तर ऐकलं असतं.

म्हणून शेवटची विनंती. आई म्हणत होती, खालच्या दुकानाचा भाडेकरू दिवाळीच्या आत शटर मोठं करायला मधला खांब काढू म्हणतोय, आणि तुम्ही "बघू" म्हणालात. नाना, 25 जुलै 2017 ला घाटकोपरची इमारत कोसळली आणि 17 माणसं गेली, तेव्हा तिच्या तळमजल्यावर असंच नूतनीकरण चाललं होतं. त्या दिवशी तुम्ही टीव्हीसमोरून उठला नव्हतात. खांबाला टिचकी मारू नका. स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा, लेखी हिशेब मागा, तोवर भाडेकरूला खांबाला हात लावू देऊ नका. इंजिनिअरला चहा पाजाच, पण फी वेगळी द्या. ती मी पाठवतो.

आपला आज्ञाधारक,
सुहास