स्वखर्चाने समुद्र

मराठी माणूस टूर कंपनीबरोबर अंदमानला जातो तेव्हा डोकं घरी ठेवून जातो. त्यात गैर काहीच नाही. त्यासाठीच तर पैसे भरलेले असतात. चहा किती वाजता, सेल्युलर जेलचा ध्वनिप्रकाश कार्यक्रम कुठल्या संध्याकाळी, बसमध्ये खिडकी कोणाला, गुलाबजाम कोणत्या रात्री, सगळं आधीच ठरलेलं. मग पोर्ट ब्लेअरहून दीड-दोन तासांचा बोटीचा प्रवास करून मंडळी हॅवलॉकला पोचतात. (२०१८ पासून त्याचं नाव स्वराज द्वीप आहे, पण डायव्हिंगवाली पोरं अजून हॅवलॉकच म्हणतात.) तिथे साडेपाच-सहालाच अंधार पडतो, त्यामुळे संध्याकाळ लांबलचक आणि रिकामी. अशा वेळी टूर मॅनेजर वही घेऊन येतो आणि विचारतो, "उद्या स्कुबाला कोण कोण? हे स्वखर्चाने आहे हं."

इतका वेळ गाण्याच्या भेंड्या खेळणारी माणसं एकदम गप्प होतात.

मग पक्ष पडतात. पहिला हिशेबवाल्यांचा, आणि त्याचे आमच्या घरातले प्रतिनिधी म्हणजे हे. ह्यांची सगळी नोकरी बँकेत झाली. "साडेचार हजार रुपये. पाण्याखाली किती वेळ? अर्धा तास. म्हणजे मिनिटाला दीडशे." मग थोडं थांबून, "त्यातली पहिली पाच मिनिटं घाबरण्यातच जाणार. ती वजा केली तर रेट आणखी चढतो."

दुसरा पक्ष कुडाळच्या काकांचा. "हेच आमच्या मालवणला हजार-दोन हजारांत होतं, आणि वर सोलकढी." काका खोटं बोलत नव्हते. तारकर्लीला पर्यटन महामंडळाचं स्कुबाचं प्रशिक्षण केंद्र आहे, आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास सुट्ट्यांमध्ये बुड्या मारणाऱ्यांची जत्रा असते. पण कोकणातल्या नद्या आणि खाड्या समुद्रात गाळ आणून ओततात. तिथलं पाणी चांगल्या दिवशी चांगलं, एरवी गढूळ, आणि पावसाळ्यात सगळा कारभारच बंद. अंदमानात बोटीतून वाकून पाहिलं तरी तळाची वाळू दिसते. हे काकांना सांगण्याचं धाडस कोणी केलं नाही, कारण त्यांच्याजवळ घरचे काजू होते.

तिसरा पक्ष "आयुष्यात एकदा तरी" म्हणणाऱ्यांचा. अशा लोकांपासून मी चार हात लांब राहते. ही माणसं हेच वाक्य पॅराग्लायडिंगला म्हणतात, बंजीला म्हणतात आणि नाशिकला गेल्यावर झणझणीत मिसळीलाही म्हणतात. एकदा करून टाकायचं आणि यादीत टिक करायची, एवढीच ज्याची हौस, त्याने समुद्राला कशाला त्रास द्यावा?

मला स्वतःला एक सोयीची सबब होती: पोहता येत नाही. ती मॅनेजरने एका वाक्यात निकालात काढली. हौशी पर्यटकाच्या बुडीला पोहणं लागतच नाही. इन्स्ट्रक्टर मागून आपल्या टाकीला धरून असतो, नेईल तिकडे आपण जायचं, आणि बारा मीटरच्या खाली कोणी नेत नाही. पुण्याहून लेकीचा फोन आला, "आई, तू कर गं. बाबांना विचारत बसू नकोस." मी नाव दिलं.

स्कुबाची सगळी करामत तोंडातल्या त्या रबरी वस्तूत आहे. लोक म्हणतात ऑक्सिजनचं सिलिंडर. पण पाठीवरच्या टाकीत साधी हवाच असते, फक्त ठासून दाबलेली. पाण्यात दर दहा मीटरला वातावरणाएवढा आणखी दाब अंगावर चढतो. म्हणजे दहा मीटर खाली तो वरच्या दुप्पट. अशा वेळी छातीला हवाही त्याच दाबाची मिळायला हवी, नाहीतर श्वास ओढताच येणार नाही. आपण श्वास घेऊ तेव्हा, आणि सभोवतालच्या पाण्याएवढ्याच दाबाने, हवा सोडणारी तोटी १९४३ साली जाक कुस्तो हा नौदलातला अधिकारी आणि एमिल गान्यां हा इंजिनियर, ह्या दोन फ्रेंच माणसांनी बनवली. बाहेर महायुद्ध चाललं होतं, फ्रान्स जर्मनांच्या ताब्यात होता, आणि ह्या दोघांना समुद्राच्या तळाशी निवांत कसं बसता येईल याची चिंता. अशा माणसांबद्दल मला फार आदर आहे.

त्या दाबामुळेच पहिला आणि सगळ्यात कडक नियम येतो: श्वास रोखायचा नाही. लहानपणी विहिरीत बुडी मारणाऱ्या पोरांना ह्याच्या बरोबर उलटं शिकवलेलं असतं. खाली छातीत भरून घेतलेली हवा वर येताना फुगते, आणि तिला बाहेर जायला वाट नसेल तर फुफ्फुसाला इजा होते. हे ऐकून ह्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं की आपल्याला रोजच्या प्राणायामामुळे कुंभकाची सवय आहे, सबब आपण अपात्र. सवय मी पंचवीस वर्षं पाहते आहे. कुंभक होतो तो टीव्हीवर क्रिकेट असताना.

डायव्हिंगच्या दिवशीचा खरा त्याग कोणी सांगत नाही, म्हणून सांगते. पोट हलकं ठेवायचं असतं. म्हणजे पॅकेजमधला, आधीच पैसे भरलेला, उपमा-वडा-पोहे-कापलेली फळं असा नाश्ता सोडून, वेगळे पैसे भरून उपाशी जायचं. पहाटे साडेपाचला मी एक केळं खाऊन निघाले तेव्हा टेबलावर वड्यांची परात येत होती.

मग फॉर्म. दमा आहे का, रक्तदाब, हृदयविकार, कानाचं ऑपरेशन, फिट येतात का. इथे बहाद्दरी दाखवू नये. एखादं "हो" असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाण्यात पाय घालू नये. आमच्यातल्या एका बाईंना साधी सर्दी होती, त्यांनाही परत पाठवलं. बरोबरच होतं. खाली जाताना कानावरचा दाब सारखा करायला नाक चिमटीत धरून हलकेच फुंकावं लागतं, आणि सर्दीने चोंदलेल्या नाकातून ते होत नाही. दाबाचा फरक पहिल्या चार-पाच मीटरांतच सगळ्यात जास्त जाणवतो. त्यामुळे "मी फार खोल नाही जाणार" ह्या म्हणण्याला कानाच्या लेखी काही किंमत नाही.

वेटसूट अंगावर चढवणं म्हणजे मोठ्या उशीला लहान अभ्रा घालणं. दोन बायकांनी मला आत ढकललं. नंतर इन्स्ट्रक्टर, माझ्या लेकीपेक्षाही लहान वयाचा मुलगा, माझ्यापुढे मास्क धरून म्हणाला, "आंटी, इसमें थूको." मी ऐकलंच नाही असं दाखवलं. सगळं आयुष्य "येथे थुंकू नये"च्या पाट्यांखाली गेलेलं, शिवाय चाळीस वर्षांचे संस्कार, आणि समोर परका मुलगा. "थूको आंटी, नहीं तो काँच पे भाप जमेगा." शेवटी पाठ फिरवून, पदर नसताना पदराआड केल्यासारखं, मी थुंकले. लाळेने काचेवर खरंच वाफ धरत नाही. ज्याने हे प्रथम शोधून काढलं त्याचं नाव इतिहासाने ठेवलेलं नाही.

खुणा कमरेएवढ्या पाण्यात शिकवतात. अंगठा आणि तर्जनी जुळवून केलेलं गोल कडं, म्हणजे ठीक आहे. अंगठा वर, म्हणजे मला वर न्या. आमच्या गटातल्या एका आनंदी गृहस्थांनी पाण्याखाली पहिला रंगीत मासा दिसताच भरभरून अंगठा वर केला. इन्स्ट्रक्टरने त्यांना ताबडतोब वर नेलं. खाली गेल्यावर कासव दिसलं, त्यांनी पुन्हा दाद दिली, पुन्हा वर. मोबाइलवर दिवसभर अंगठे पाठवणाऱ्या पिढीला ही सवय सुटणं कठीण.

आता मुद्द्याचं. वसूल होतं का?

मासे बघायचे म्हणून जात असाल तर माझं मत नाही असं आहे. पाणी लाल रंग सगळ्यात आधी पिऊन टाकतं. काही मीटर खाली गेलं की लाल गोष्टी करड्या-तपकिरी दिसू लागतात, आणि आणखी खाली निळ्याचं राज्य. जास्त पैसे देऊन खोल जावं तर रंग कमी! प्रवाळाचे आणि माशांचे खरे झगझगीत रंग वरच्या उथळ पाण्यातच दिसतात, आणि ते हॅवलॉकच्या एलिफंट बीचला स्नॉर्केल लावून, नुसतं तोंड पाण्यात घालून पालथं पडलं तरी दिसतात. त्याच हॅवलॉकवर राजन नावाचा हत्ती होता; २०१६ साली तो वारला. लाकूडतोडीच्या कामाला आणलेला; तोडीवर बंधनं आल्यावर निवृत्त झाला आणि पर्यटकांबरोबर समुद्रात पोहत असे, सोंड पाण्यावर काढून. त्याला स्नॉर्केल पुरलं, तर आपल्याला पुरायला हरकत नाही. सासूबाईंना तर तेही लागलं नाही. नील बेटावर काचेच्या तळाच्या बोटीत मांडी घालून बसल्या बसल्या त्यांनी प्रवाळ पाहिलं आणि "जिवंत आहे म्हणतात, पण हलत कसं नाही?" असा रास्त प्रश्न विचारला.

मग मी वसूल कशाला म्हणते? माझ्या गुडघ्यांसाठी.

हे कुठल्याच माहितीपत्रकात छापलेलं नसतं. दोन्ही गुडघ्यांनी मला जिने, देवळं आणि खालच्या कपाटातले डबे ह्या तिन्हींपासून कधीच तोडलं आहे. पाण्याखाली सात-आठ मीटरवर जॅकेटमध्ये बेताची हवा भरली की आपण ना बुडत, ना तरंगत; मधेच राहतो. वजनच नाही. श्वास घेतला की वीतभर वर, सोडला की वीतभर खाली. मी गुडघा वाकवला, सरळ केला, पुन्हा वाकवला. समोर समुद्रफुलात शेपट्या घुसळणारे नारिंगी क्लाउनफिश होते. त्यांच्या कुटुंबात सगळ्यात मोठी आणि कर्ती असते ती मादी, आणि ती गेली की नर स्वतःच मादी होऊन कारभार हाती घेतो. त्यांना सोडून मी माझे गुडघेच पाहत होते. इन्स्ट्रक्टरला वाटलं, मला पेटके आलेत.

तिथे शांतता असते म्हणतात, ते मात्र खरं नाही. आपल्याच बुडबुड्यांचा गडगडाट, मधूनच तडतड, आणि जवळच एक पोपटमासा चोचीने प्रवाळ कुरतडत होता त्याचा कुर्र कुर्र आवाज स्पष्ट ऐकू येत होता. पण कोणी काही बोलत नव्हतं. कोणी फोटोसाठी हाक मारत नव्हतं, जेवायला काय आहे विचारत नव्हतं, आणि मलाही कोणाला काही सांगता येत नव्हतं. ह्याचा मिनिटाचा भाव दीडशे रुपये असेल तर तो स्वस्त आहे.

व्हिडिओ मिळतो. तो पाहून कोणालाही आपण ओळखू येत नाही. सासूबाईंनी तो दोनदा बघितला आणि इन्स्ट्रक्टरकडे बोट दाखवून "बारीक झालीस" म्हणाल्या.

एक लक्षात ठेवायचं. बुडी मारताना दाबाखालच्या हवेतला नायट्रोजन रक्तात विरघळतो, तो सावकाश बाहेर पडावा लागतो. विमानात दाब कमी, तिथे त्याचे बुडबुडे होण्याचा धोका. म्हणून एका बुडीनंतरही निदान १२ तास विमानात बसायचं नाही, आणि बरेच डायव्हिंगवाले तर २४ सांगतात. अंदमानच्या सहलींत हॅवलॉक मधल्या दिवसांत असतं ते काही अंशी ह्यामुळे बरं पडतं. ह्यांनी हा नियम सगळ्यांत लक्षपूर्वक ऐकला होता. शेवटच्या दिवशी, पोर्ट ब्लेअरला परतल्यावर, संध्याकाळच्या विमानाची तिकिटं खिशात असताना, सगळ्यांसमोर म्हणाले, "इतके सगळे म्हणताहेत, तर इथेच कुठे होत असेल तर मीही आत्ता एक डाइव्ह करूनच टाकतो म्हणतो."

मॅनेजरने नियम सांगितला. ह्यांचा चेहरा असा काही पडला की कुडाळच्या काकांनी शिल्लक राहिलेले सगळे काजू त्यांच्या हातात दिले.