मार्गे गणेशगुळे

गर्दी अजिबात नको, पण ऐकायला माणूस मात्र हवा, अशी ज्यांची देवाकडे मागणी असते त्यांतले आमचे कंट्रोलर. खरं नाव रेशनकार्डावर असेल. आळीत ते कुणी वापरत नाही. एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून त्यांनी एकतीस वर्षं काढली. त्यातली बरीचशी स्टँडावरच्या जाळीच्या खिडकीमागे, माइकसमोर. निवृत्त होऊन सात वर्षं झाली, पण आवाजातला फलाट गेलेला नाही. काकूंनी चहा टाकला की "चहा लागलेला आहे" असं ते ओट्यावरून सांगतात, आणि ते समोरच्या तीन घरांना ऐकू जातं. पुलंनी अंतू बर्वा लिहिल्यापासून रत्नागिरीतल्या प्रत्येक म्हाताऱ्याला आपण तिरकस बोललंच पाहिजे असं वाटतं. कंट्रोलरांचं तसं नाही. ते सरळ बोलतात, फक्त वेळापत्रकात बोलतात.

निवृत्तीच्या दिवशी गळ्यातला हार काढता काढता ते मला म्हणाले, "मास्तर, गर्दी पाहून झाली. आता देवाकडे चालत जायचं, पण शांतपणे. मागे कोणी नाही, पुढे कोणी नाही."

तेव्हापासून प्रश्न एकच उरला, कुठल्या वाटेने?

त्यासाठी एक फाइल आहे. वर 'मार्ग तपासणी' असं लिहिलंय, आणि आत प्रत्येक यात्रेला एक पान. अंतर, मुक्काम, पाणी, चढउतार आणि शेवटचा रकाना भारमान. ज्यांचा एसटीशी संबंध फक्त खिडकीच्या जागेपुरता आला त्यांच्यासाठी सांगतो: गाडीत जागा किती आणि माणसं किती, याचा हिशेब म्हणजे भारमान. नोकरीत असताना भारमान वाढावं म्हणून झटलेला माणूस आता ते शून्यावर आणायच्या मागे आहे.

पहिल्याच आषाढात ते आळंदीहून माउलींच्या पालखीबरोबर निघाले. कोकणातल्या माणसाने आषाढीला चालत जायचं म्हणजे लावणी सोडून जायचं. आमच्याकडचे पुष्कळ वारकरी भात घरात आलं की कार्तिकीला जातात, आणि ज्यांना तेही जमत नाही ते रत्नागिरीतल्या विठ्ठल मंदिरात कार्तिकीची जत्रा करतात. काकूंनी हे सगळं सांगून पाहिलं. "गावची लावणी कोण बघणार?" असंही विचारलंनीत.

"लावणीला कंट्रोलर लागत नाही," म्हणून कंट्रोलर गेले.

परत आले ते अहवाल घेऊनच. "मास्तर, हैबतबाबा आरफळकरांनी १८३२ साली लावून दिलेली फेरी ही! आमची एसटी १९४८ची. तिच्या आधी शंभरावर वर्षं या माणसाने फेरी बसवलीन. रथापुढे सत्तावीस दिंड्या, बाकीच्या रथामागे, प्रत्येकीला नंबर. कोणी कोणाला ओव्हरटेक करत नाही. कुठे थांबायचं, कुठे जेवायचं, कुठे रिंगण, सगळं ठरलेलं. मी सांगतो, हैबतबाबा मूळचे ट्रॅफिकचेच."

"मग अडचण काय झाली?"

"भारमान!" ते कळवळून म्हणाले. "दिवे घाटात पाय उचलला तर परत खाली ठेवायला जागा नाही. अडीचशे किलोमीटर चाललो, पण माझ्या चपलेचा आवाज मला एकदाही ऐकू आला नाही. तो चाललेला माणूस मीच होतो की दुसरा कोणी, हे आता देवाला माहीत."

एवढं ऐकून मला त्यांची दया आली. ती पुढच्या गणपतीपर्यंत टिकली. त्यांच्याच दिंडीतले एक चिपळूणचे गृहस्थ भेटले, त्यांनी वेगळंच सांगितलं. एका मुक्कामाला कुणाची आजी चुकली. चुकल्यामाकल्यांची नावं पुकारणाऱ्या पोराचा घसा बसलेला. कंट्रोलर नुसते चौकशीला म्हणून त्या तंबूत गेले आणि माइकसमोर बसले, ते पार वाखरीपर्यंत रोज संध्याकाळी तिथेच. शेवटी शेवटी न हरवलेली माणसंही नुसता आवाज ऐकायला तंबूपाशी यायची म्हणे. मी हे कंट्रोलरांना विचारलं तेव्हा ते नाइलाजाच्या सुरात म्हणाले, "गळ्यात पडलं, काय करणार?"

मग फाइल जाडजूड होत गेली. मुक्ताबाईंची पालखी मुक्ताईनगरहून निघते, महिनाभराची चाल, तुलनेने माणसं कमी. पण खानदेशातलं ऊन. निवृत्तिनाथांची त्र्यंबकेश्वरहून. तिच्या पानावर 'विचाराधीन' असा शेरा आहे, जो सरकारी नोकरीत राहिलेल्या माणसाला नकारापेक्षा बरा वाटतो. नर्मदा परिक्रमेला मात्र त्यांनी लाल पेनने काट मारली. दोन्ही तीर मिळून अडीच हजारांवर किलोमीटर, नदी कायम उजव्या हाताला, ओलांडायची नाही, हे सगळं त्यांना पसंत होतं. "पण हल्ली तिथे अर्धं पुणं भेटतं," म्हणाले. "आणि पुण्याचा माणूस भेटला की मौन माझं, बोलणार तो."

सर्वांत जवळ ते पोचले होते अंकलीपाशी. माउलींच्या सोहळ्यातले अश्व बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीहून येतात, शितोळे सरकारांकडून. वारी सुरू होण्याआधी ते चालत आळंदीला पोचतात. तीनशेच्या आसपास किलोमीटर. ही गोष्ट कंट्रोलरांना उशिरा कळली आणि त्या रात्री त्यांना झोप आली नाही. सकाळी सहाला माझं दार वाजलं. "मास्तर, हीच! लाखो माणसं आळंदीपासून चालतात. खरी शांत वारी त्याच्या आधीच होऊन जाते. घोड्याबरोबर चालायचं. घोडा बोलत नाही."

"म्हणूनच तुमचं जमायचं नाही," दारामागून काकू म्हणाल्या. त्या कधी आल्या ते आम्हाला कळलं नव्हतं.

परदेशही फाइलीत आहे. जर्मनीतल्या भाच्याने स्पेनमधल्या सांतियागोच्या वाटेची माहिती पाठवली. तिथेही आमच्यासारखंच: एक फ्रेंच मार्ग म्हणून आहे, त्यावर झुंबड, आणि समुद्राकाठची उत्तरेची वाट, तिथे माणसं कमी. २०२४ साली जवळजवळ पाच लाख जणांनी चालल्याचा दाखला घेतला. दाखल्याला शेवटचे शंभर किलोमीटर पुरतात, म्हणून सारिया नावाच्या गावापासून पुढे गर्दी एकदम वाढते. कंट्रोलरांनी हे दोनदा वाचून घेतलं. "म्हणजे हातखंब्याला उतरायचं, तिथून रत्नागिरीला चालत यायचं आणि सांगायचं, मी नागपूरहून चालत आलो! आणि रोज दोन शिक्के मारून घ्यायचे? अहो, हे तर आमचं लॉगशीट झालं." त्या पानावर शेरा: 'तपासनीस नेमणे.'

असा पाच वर्षं अभ्यास झाल्यावर काकूंनी निर्वाणीचं सांगितलं की एक तर कुठेतरी जाऊन या, नाही तर ती फाइल पावसाळ्याआधी बंबात जाईल. तेव्हा मामला रत्नागिरी तालुक्यापर्यंत खाली आला. गणपतीपुळ्याला चालत जाणारे आमच्याकडे पुष्कळ. साखरतर, आरे-वारे, नेवरे, भंडारपुळे अशी समुद्राकाठची पंचवीसेक किलोमीटरची वाट आहे, आणि दिसायला अशी की देव वाटेतच भेटल्यासारखं वाटावं. पण रविवारी तिथे फोटो काढणारे इतके असतात की समुद्र मागे कुठेतरी राहतो. अंगारकीचं तर नावच नको. कंट्रोलरांनी नकाशावर बोट उलट्या दिशेला सरकवलं. भाट्ये, फणसोप, गोळप, पावस आणि पुढे गणेशगुळे.

"मास्तर, जिथून देव गेला तिथे कोण जाणार? भारमान शून्य."

हे बाहेरच्या वाचकांना सांगायला हवं. आमच्याकडे म्हण आहे, गुळ्याचा गणपती पुळ्याला गेला. गणेशगुळ्याच्या देवळात गणपतीच्या नाभीतून पाणी वाहत असे. ते एक दिवस थांबलं आणि देव गाव सोडून गणपतीपुळ्याला गेला, अशी कथा. का थांबलं याची कारणं घराघरांत वेगळी आहेत आणि प्रत्येकात दोष शेजारच्याचा आहे. जांभ्या दगडाचं जुनं देऊळ आहे, गाभाऱ्याच्या तोंडाशी मोठी शिळा आहे, पूजा तिचीच होते.

मार्गशीर्षातला बुधवार ठरला. मंगळवारी गणपतीला माणसं वाढतात म्हणून बुधवार. मी रजा टाकली. पहाटे साडेचारला निघालो. राजिवड्यात मासेवाल्यांची बर्फाची खोकी चढत होती. भाट्याच्या पुलावर काजळीच्या खाडीतून असा गार वारा आला की कंट्रोलरांनी मफलर कानांवर ओढला आणि जाहीर केलं, "आता पावसपर्यंत मौन."

खरोखर गप्प झाले. पलीकडे सुरूचं बन, झरी विनायकाचा दिवा, नारळ संशोधन केंद्राच्या काळ्या झाडोऱ्याच्या रांगा. समुद्राचा आवाज आणि आम्ही. मला वाटलं, या माणसावर आपण अन्याय केला.

तेवढ्यात मागून पावसची गाडी आली. कंट्रोलर रस्त्याच्या कडेला उभे राहिले, मनगट डोळ्यांशी नेलं. गाडी थांबली. कंडक्टरने दार उघडून हाक मारली, "काका, चालत? बसा बसा!"

त्यांनी मानेने नकार दिला, मौन पाळून. मग सात बोटं दाखवली.

"काय झालं?" कंडक्टर घाबरला.

"सात मिनिटं उशीर!" कंट्रोलर म्हणाले. गेलं मौन.

ते परत सुरू झालं, पण पहिल्यासारखं नाही. मैलाचा दगड आला की तो मोठ्याने वाचायचा. कुत्रं दिसलं की "फणसोपचं आहे" असं सांगायचं. गोळपच्या चढावर दम लागला म्हणून ते गप्प होते. ती मी शांतता धरत नाही.

पावसला स्वामी स्वरूपानंदांच्या समाधीपाशी बसलो. स्वामी इथे देसायांच्या घरात चाळीस वर्षं राहिले, १९७४ साली समाधिस्थ होईपर्यंत. मी सहज म्हटलं, "बघा, एका घरात बसून माणूस कुठवर पोचला."

कंट्रोलरांनी बराच विचार केला. पाय चोळत म्हणाले, "त्यांचं वेगळं होतं, मास्तर. त्यांच्याकडे माणसं यायची."

गणेशगुळ्याला पोचलो तेव्हा उन्हं चांगली वर आली होती. देवळात कोणी नाही. अंगणात कोणी नाही. विहिरीत डोकावलं, पाणी फार खोल, तिथेही कोणी नाही. इतकी वर्षं ज्याचा शोध चालला होता ते सगळं समोर होतं. कंट्रोलरांनी शिळेला नमस्कार केला, तीन प्रदक्षिणा घातल्या, पायरीवर बसले. घड्याळ बघितलं. पाच मिनिटांनी परत बघितलं. झाडावरून एक पान पडलं, त्याच्याकडे त्यांनी असं बघितलं जणू ते विनातिकीट उतरलंय.

"मास्तर," ते हळू आवाजात म्हणाले. इतका हळू आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. "देव इथून का गेला असेल हो?"

उत्तराला वेळ मिळाला नाही. खालून एक टेम्पो ट्रॅव्हलर धुरळा उडवत आला आणि त्यातून कोल्हापूरची तेरा-चौदा माणसं उतरली. आजी, सुना, पोरं, भेळेचे डबे, दोन नारळ. पुढच्या तरुणाने फोन वर धरून विचारलं, "गणपतीपुळेच न्हवं हे?" फोनने गुळ्याचं पुळं केलं होतं, की यांनी, कोण जाणे.

कंट्रोलर उभे राहिले. मफलर काढला. खाकरले.

"भाविकांनी इकडे लक्ष द्यावे!" जांभ्याच्या भिंती तो आवाज घ्यायला तयार नव्हत्या, त्यांनी तो परत केला, आणि तो दुप्पट झाला. "आपण श्री क्षेत्र गणेशगुळे येथे आलेले आहात. पादत्राणं डावीकडे. महिला उजवीकडून, पुरुष डावीकडून. लहान मुलांचा हात सोडू नये." पाचच मिनिटांत चौदा माणसांच्या दोन रांगा झाल्या होत्या. त्या रिकाम्या देवळात रांगेची गरज काय, हे कुणालाही सुचलं नाही. एका आजीने तर पुढचा हलेना म्हणून त्याला ढकललंन.

दर्शन झालं. मग नाभीतल्या पाण्याची कथा झाली. मग पुळ्याला कसं जायचं ते झालं. परत पावस, गोळप, भाट्ये पूल, रत्नागिरी, तिथून साखरतर, आरे-वारे. तरुण डोकं खाजवत राहिला. कंट्रोलर म्हणाले, "वळणं फार आहेत, तुम्हाला कळायचं नाही." आणि ट्रॅव्हलरच्या आत वाकून बघत, "पुढे एक जागा दिसते."

एकच होती. "मास्तर, तुमचं काय?" असं त्यांनी विचारलं खरं, पण तोवर ते ड्रायव्हरशेजारी बसले होते. दार लागलं, काच खाली आली.

"गणपतीपुळे, मार्गे रत्नागिरी, आरे-वारे! वाटेत थांबणार नाही!"

धुरळा बसेपर्यंत मी पायरीवर होतो. मग पावसच्या रस्त्याला लागलो. मागे कोणी नाही, पुढे कोणी नाही. त्या दिवसात पहिल्यांदाच मला माझ्या चपलांचा आवाज ऐकू आला. डावीचा अंगठा सुटत आला होता.