मीटर स्मार्ट, डीपी भोळी

जून 2024 मध्ये तेव्हाचे ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी जाहीर करून टाकलं की सामान्य ग्राहकाच्या घरी स्मार्ट प्रीपेड मीटर बसणार नाही. लोकसभेचा निकाल नुकताच लागला होता, विधानसभा दाराशी येऊन उभी होती. अशा दिवसांत निर्णय कसे भराभर होतात. विधानसभा पार पडली आणि मीटर आले. येताना ‘प्रीपेड’ पुसून ‘टीओडी’ लावून आले. टीओडी म्हणजे टाइम ऑफ डे, घड्याळ बघून दर. महावितरण म्हणते, काळजी नको, बिल पूर्वीसारखं वापरानंतरच येणार. ते खरंच आहे. पण या मीटरला प्रीपेड करायला कुणी पाना-पकड घेऊन घरी यावं लागत नाही. लांबून एक आदेश पुरतो.

जुन्या मीटरचा कारभार ऐसपैस होता. महिन्यातून एकदा रीडिंगवाला यायचा. दाराला कुलूप दिसलं की ‘लॉक’, काच धुरकट दिसली की ‘फॉल्टी’, आणि मग बिल सरासरीवर. नवा मीटर दर अर्ध्या तासाचा, कधी पाव तासाचाही, वापराचा आकडा परस्पर पाठवून देतो. झाकण उघडलंत तर चुगली करतो. दाब किती आहे ते लिहून ठेवतो. वीज गेली तर जाता जाता शेवटचा निरोप धाडतो, आली की आल्याची वेळ नोंदवतो. थोडक्यात, वीज कंपनीने आपल्या भिंतीवर एक साक्षीदार आणून बसवला आहे.

साक्षीदार पगारी आहे, हेही सांगितलं पाहिजे. 2023 मध्ये महावितरणने सव्वादोन कोटींच्या आसपास मीटरची कंत्राटं दिली. अदानी, जीनस, एनसीसी, माँटेकार्लो अशी नावं यादीत आहेत. एका मीटरमागे सरासरी 12,000 रुपये, म्हणजे एकूण सुमारे 27,000 कोटी. केंद्राच्या योजनेतून मीटरमागे मिळणार जास्तीत जास्त 900 रुपये. बाकीचे कंत्राटदाराला पुढे अनेक वर्षं हप्त्याहप्त्याने द्यायचे. ग्राहकाला मात्र मीटर ‘मोफत’. गळती कमी होईल, वसुली वाढेल आणि त्यातून पैसे सुटतील, असा हिशेब आहे. सुटले तर उत्तम. नाही सुटले तर पुढच्या दरवाढीच्या याचिकेत कुठल्या पानावर दिसतील, ते जाणकारांना विचारा.

बदल्यात आपल्याला काय? सवलत. 1 जुलै 2025 पासून घरगुती ग्राहकाला सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेतल्या वापरावर युनिटमागे 80 पैसे ते एक रुपया सवलत जाहीर झाली. वेळ बघा. नऊ ते पाच. नोकरदार घराबाहेर, पोरं शाळेत, घरात आजी आणि फ्रिज. आजी दिवसा पंखासुद्धा एकावर ठेवते. सवलत मिळवणार तो फ्रिज.

पण चेष्टा बाजूला ठेवली तर इथे खरोखर काहीतरी उलटंपालटं झालं आहे. कालपरवापर्यंत महावितरण कारखान्यांना सांगायची, रात्री दहा ते सकाळी सहा यंत्रं चालवा, युनिटमागे दीड रुपया सोडतो. कारण कोळशाचे संच रात्री झोपवता येत नाहीत आणि त्यांची वीज खपवायची कुठे हा प्रश्न. आता दुपारी सौरऊर्जा एवढी येते की ती खपवायची पंचाईत, आणि सूर्य कलला की संध्याकाळी विजेसाठी धावाधाव. म्हणून सवलत रात्रीवरून दुपारवर सरकली. वीज बाजारात पंधरा-पंधरा मिनिटांच्या तुकड्यांनी भाव ठरतो; गिऱ्हाइकाचा हिशेब महिन्याच्या लुंग्यासुंग्या रीडिंगवर ठेवून तिथे धंदा करता येत नाही. वितरण कंपनी म्हणजे खांब, तारा आणि थकबाकीची नोटीस, हा जमाना संपत आला आहे. मीटर हवा, हे मला मान्य आहे. माझं भांडण तो कुणाविरुद्ध साक्ष देणार याच्याशी आहे.

परक्याचा अनुभवही गाठीला आहे. 12 ऑगस्ट 2020, जन्माष्टमी. उत्तर प्रदेशात एक चुकीचा आदेश सुटला आणि लाखाहून जास्त घरांचे स्मार्ट मीटर आपोआप बंद झाले. कृष्णजन्म अंधारातच झाला होता, तेव्हा प्रथेला धरूनच झालं म्हणायचं. 2024 च्या मे महिन्यात बडोद्यात लोक रस्त्यावर उतरले, बिलं फुगली म्हणून. त्यावर तोडगा निघाला तो असा, की नव्या मीटरशेजारी जुन्या पद्धतीचा मीटर लावायचा आणि दोघांचे आकडे ताडून बघायचे. साक्षीदारावर साक्षीदार.

आता आपल्याकडच्या डीपीकडे वळू. गावात ट्रान्सफॉर्मरला डीपी म्हणतात आणि ती जळाली की गावाचा आठवडा जळतो. स्मार्ट ग्रिडची सगळी अक्कल खरं तर या डीपीत आहे. डीपीवर मीटर, आणि उपकेंद्रातून डीपींपर्यंत वीज आणणाऱ्या वाहिनीवर, म्हणजे फीडरवर, मीटर. वरून किती वीज उतरली आणि खालच्या मीटरांवर किती उमटली, याची वजाबाकी केली की चोरी कुठे, गळती कुठे, आकडा कुणाचा, सगळं उघडं पडतं. केंद्राच्या त्याच योजनेत डीपी आणि फीडरचे मीटरही आहेत. म्हणजे वजाबाकी कागदावर तरी मंजूर आहे.

अडचण अशी की वजाबाकीतली एक मोठी संख्या अंदाजाची आहे. राज्यात लाखो कृषिपंपांना मीटर नाही. त्यांची आकारणी हॉर्सपॉवरवर. ज्यांना आहेत त्यातले किती चालू आणि किती शोभेचे, हे लाइनमनला खासगीत विचारावं. स्मार्ट मीटरच्या योजनेतून शेतीला वगळलेलं आहे. त्यात 2024 पासून साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या पंपांना वीज मोफत, पैसे सरकार भरणार. बिल ज्याला भरायचं नाही तो आकडा कशाला तपासेल? आणि आकडा फुगला की गंमत अशी होते, चोरीला गेलेली वीज कागदावर पंपाने प्यायलेली दिसते. गळती कमी, अनुदान जास्त, शेतकरी विनाकारण बदनाम. ही माझी कुजकट शंका नव्हे. पंपांचा दाखवलेला वापर राज्य वीज नियामक आयोगाने कापून गळतीच्या खात्यात टाकलेला आहे.

तर अशी वाटणी. दोन खोल्यांच्या घरातला गीझर किती वाजता लागला ते अर्ध्या तासाच्या हिशेबाने ठाऊक, आणि अख्ख्या फीडरवरच्या पंपांनी किती वीज घेतली ते अदमासे. एकेकाळी फीडरची गळती आणि वसुली बघून ए ते जी असे गट पाडले होते आणि त्यानुसार भारनियमन व्हायचं. शेजाऱ्याने आकडा टाकला म्हणून प्रामाणिक माणूसही अंधारात. तेव्हा निदान आपला फीडर कोणत्या गटात आहे ते कळायचं. आज प्रत्येक डीपीचा हिशेब रोजच्या रोज मांडता येईल अशी यंत्रणा उभी राहते आहे. तो हिशेब डीपीखालच्या ग्राहकाला दिसावा, असं कुणाच्या घोषणेत अजून माझ्या तरी ऐकण्यात नाही.

आणि तो शेवटचा निरोप! वीज किती वाजता गेली, किती वाजता आली, हे आता मीटर स्वतः लिहून ठेवतो. पूर्वी फ्यूज कॉल सेंटरचा फोन लागायचा नाही, लागला तर ‘काम चालू आहे’ हे उत्तर. आपण तक्रार केली होती हेच आधी सिद्ध करत बसायचं. केंद्राच्या 2020 च्या ग्राहक हक्क नियमांत स्पष्ट लिहिलं आहे की सेवेतली जी कसूर दुरून मोजता येते, तिची भरपाई ग्राहकाला आपोआप मिळाली पाहिजे. अर्ज नाही, हेलपाटे नाहीत. दुरून मोजायचं यंत्र तर भिंतीवर लागलं. बिलावर स्थिर आकार आहे, वहन आकार आहे, इंधन समायोजन आकार आहे, वीज शुल्क आहे. त्यांच्याखाली ‘खंडित पुरवठ्याची भरपाई, वजा’ अशी एक ओळ छापायला शाई कितीशी लागेल?