शंभर टक्के प्लेसमेंटवाल्या सरांना खुले पत्र

माननीय संचालक महोदय,



आपले आभार मानायचे बरेच दिवस मनात होते. मी सांगलीत राहतो आणि लहान धंदेवाल्यांच्या गूगलवरच्या जाहिराती सांभाळतो. आपल्या क्लासमधून ‘गूगल अ‍ॅड्स सर्टिफाइड’ होऊन बाहेर पडलेली मुलं माझ्याकडे नोकरी मागायला येतात. आपल्या कार्याचं फळ इतक्या जवळून पाहायला मिळणारी माणसं थोडी. त्यांपैकी एक या नात्याने हे पत्र लिहितो आहे.

पहिले आभार फीबद्दल. त्या सर्टिफिकेटची परीक्षा गूगलच्याच स्किलशॉप या साइटवर होते. अभ्यासाचे धडे फुकट, परीक्षा फुकट, सर्टिफिकेटही फुकट. पूर्वी परीक्षेला 50 डॉलर पडायचे, तेही गूगलने केव्हाच बंद केले. पण फुकटच्या वस्तूची लोकांना कदर नसते, हे आपण जाणता. म्हणून आपण तिला पंचेचाळीस हजार रुपये, वर 18 टक्के जीएसटी, असा मान मिळवून दिलात. शिकवण्याचे पैसे घेण्याला माझी अजिबात हरकत नाही. नीट शिकवणं कष्टाचं काम आहे आणि त्याचा मोबदला मिळालाच पाहिजे. पण आपल्या माहितीपत्रकात ‘आंतरराष्ट्रीय परीक्षा शुल्कासह’ असं ठळक छापलं आहे. जे शुल्क नाहीच, तेही आपण समाविष्ट केलंत. एवढं औदार्य कुठे पाहिलं नव्हतं.

दुसरे आभार उत्तरांच्या पीडीएफबद्दल. परीक्षा सव्वा तासाची, पास व्हायला 80 टक्के लागतात, आणि नापास झालात तर एका दिवसाने पुन्हा बसता येतं. परीक्षा घरी, स्वतःच्या कॉम्प्युटरवरही देता येते आणि शेजारी पर्यवेक्षक कोणी नसतो. म्हणजे प्रामाणिकपणाचा सगळा भार त्या विद्यार्थ्यावर. तो भार मुलांच्या कोवळ्या खांद्यांवर नको, म्हणून शेवटच्या आठवड्यात आपण बॅचच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर प्रश्नोत्तरांची फाइल टाकता आणि लॅबमध्ये सगळ्यांना एकदम बसवता. पंधरा-वीस मुलं, सगळ्यांना नव्वदच्या वर मार्क. संध्याकाळी सर्टिफिकेट धरून ग्रुप फोटो, आणि तो फोटो पुढच्या बॅचच्या जाहिरातीत.

या मुलांना मी मुलाखतीत एक साधा प्रश्न विचारतो : एका क्लिकला सगळ्यांत जास्त पैसे मोजायला तयार असलेला जाहिरातदार दर वेळी सगळ्यांत वर का दिसत नाही? सगळा धंदा या एका प्रश्नावर उभा आहे. क्लिकला पैसे घ्यायची कल्पना बिल ग्रॉसच्या गोटू डॉट कॉमने 1998 साली बाजारात आणली, तेव्हा जास्त बोली लावणारा वर, इतकाच सरळ हिशोब होता. गूगलने 2002 मध्ये क्लिकवर पैसे घ्यायला सुरुवात केली, तेव्हा लोक त्या जाहिरातीवर किती वेळा क्लिक करतात हेही हिशोबात धरलं. आज त्यात जाहिरात शोधाला किती जुळते आणि क्लिक केल्यावर उघडणारं पान किती कामाचं आहे, हेही येतं. म्हणून मिरजेतला छोटा दुकानदारसुद्धा नीट जाहिरात लिहून, चांगलं पान बनवून, मोठ्या कंपनीच्या वर येऊ शकतो, तेही कमी पैशात. मला तर या धंद्यातली सगळ्यांत सुंदर गोष्ट हीच वाटते. आपल्या विद्यार्थ्यांचं उत्तर असतं, “सर, त्याचं बजेट संपलं असेल.” जाहिरातीचा हा दर्जा, म्हणजे क्वालिटी स्कोअर, कशाकशावर ठरतो, हा प्रश्न आपल्या पीडीएफमध्ये आहे. मुलांनी त्याचं उत्तर अचूक टिकही केलेलं असतं.

आता आपल्या एका विद्यार्थिनीबद्दल सांगतो, कारण तिचा आपल्याला अभिमान वाटायला हवा. परीक्षेत 96 टक्के. मी तिच्यापुढे एक चालू खातं उघडून ठेवलं. सबमर्सिबल मोटर रिवाइंडिंगचं दुकान, मालक स्वतः हाताने वाइंडिंग भरणारा, रोजचं बजेट पाचशे रुपये. आधीच्या कोणी ‘मोटर रिपेअर’ हा कीवर्ड ब्रॉड मॅचवर, म्हणजे त्याच्याशी संबंधित वाटेल त्या शोधावर जाहिरात दिसेल असा, मोकळा सोडून दिला होता. मी म्हटलं, पैसे कुठे जातात ते शोध. ती बराच वेळ स्क्रीन वरखाली करत राहिली आणि मग म्हणाली, “सर, हे आम्हाला दाखवलंच नाही.” सर्च टर्म्स रिपोर्ट! लोकांनी नेमकं काय टाइप केलं आणि कशावर आपले पैसे कापले गेले, ते जिथे दिसतं ते पान. या कामात सकाळी आल्यावर आधी जे उघडायचं, ते तिने कधी पाहिलेलंच नव्हतं.

मी उघडून दिलं. ‘मोटर वाइंडिंग डेटा चार्ट’, ‘आयटीआय वाइंडर जॉब’, ‘मोटर रिवाइंडिंग कसं करायचं व्हिडिओ’, ‘पाच एचपी मोटर किंमत’. एकाचीही मोटर जळालेली नव्हती. ठिकाणाची सेटिंग जशी आली तशीच ठेवलेली, म्हणजे सांगली जिल्ह्यात असलेले लोक तर आलेच, पण लांब कुठे तरी बसून सांगलीबद्दल शोधणारेही आले. त्या सगळ्यांच्या क्लिकचे पैसे त्या कारागिराच्या खिशातून.

संचालक महोदय, ती मुलगी मुळीच मठ्ठ नव्हती. एकदा दाखवल्यावर तिने भराभर निगेटिव्ह कीवर्ड, म्हणजे ज्या शब्दांवर जाहिरात दाखवायची नाही ते शब्द, काढले : जॉब, व्हिडिओ, चार्ट, आयटीआय, किंमत. किमतीवर थांबून म्हणाली, “पण सर, दुरुस्तीची किंमत विचारणाराही असेल ना?” पंचेचाळीस हजारांत आपण जे दिलं नाहीत, ते तिने अर्ध्या तासात उचललं. आणि मग तिने विचारलं, “सर, हे गेलेले पैसे परत मिळतात का?” नाही मिळत. खोट्या, यंत्राने मारलेल्या क्लिकचे पैसे गूगल वळते करतं, पण खऱ्या माणसाने केलेली चुकीची क्लिक ही खरीच क्लिक असते. हा प्रश्न आपल्या वर्गात एकदा जरी कोणी विचारला असता, तर तिथे काय शिकवायला हवं ते आपोआप ठरलं असतं. या कामात शिकाऊ माणूस चुकतो तेव्हा पैसे दुसऱ्याचे जातात. त्या दुसऱ्याला तर जाहिरात चालत नाही म्हणजे आपल्या धंद्यातच काही खोट आहे, असं वाटत राहतं.

आपल्या नोट्सबद्दलही कृतज्ञ आहे. परंपरा जपणारे लोक हल्ली उरलेत कुठे? अ‍ॅडवर्ड्सचं नाव 2018 मध्ये बदलून गूगल अ‍ॅड्स झालं, आपल्या स्पायरल बाइंडिंगवर मात्र अजून अ‍ॅडवर्ड्सच आहे. शब्दाआधी अधिकचं चिन्ह लावायची पद्धत गूगलने 2021 मध्ये मोडीत काढली, आपण तिच्यावर अख्खं प्रकरण देता. जुन्या तऱ्हेच्या टेक्स्ट जाहिराती जून 2022 नंतर नव्याने बनवताच येत नाहीत, आपली मुलं त्यांचे नमुने पाठ करून येतात.

दारावरच्या फलकाविषयी लिहिलं नाही तर कृतघ्नपणा ठरेल. त्यावर ‘गूगल पार्टनर’चं चिन्ह आहे. हे चिन्ह जाहिराती चालवणाऱ्या कंपन्यांना मिळतं. त्यासाठी 90 दिवसांत 10,000 डॉलरच्या जाहिराती खात्यांतून चालाव्या लागतात, खात्यांची मांडणी किती चांगली आहे हे सांगणारा ऑप्टिमायझेशन स्कोअर 70 टक्के राखावा लागतो आणि खाती सांभाळणाऱ्यांपैकी निम्मे जण सर्टिफाइड असावे लागतात. वर्ग चालवला म्हणून ते मिळत नाही. आपल्याकडे एकही क्लायंट नसताना ते चिन्ह भिंतीवर आलं, म्हणजे फ्लेक्स छापणाऱ्याचा हात फारच मोकळा असणार.

आणि प्लेसमेंट! शंभर टक्के म्हणालात आणि शब्द पाळलात. ज्यांना कुठे नोकरी लागली नाही, त्यांना आपणच टेलिकॉलिंगला बसवलंत. दिवसभर फोन करून पुढच्या बॅचला गिऱ्हाईक आणायचं. त्यातला एक मुलगा मला म्हणाला, “सर, मी फोनवर सांगतो की कोर्सनंतर मला लगेच जॉब लागला. ते खोटं नाही ना?” त्याला काय उत्तर द्यायचं, ते आपण सुचवावं.

शेवटचे आभार मात्र मला हसत मानता येत नाहीत. जतकडच्या एका गृहस्थांचा फोन आला होता. मुलाची फी त्यांनी हप्त्याने भरली आहे, ज्याला आपण ‘झिरो कॉस्ट’ म्हणता ते कर्ज काढून. म्हणाले, “साहेब, पोराचं सर्टिफिकेट संपलंय म्हणत्यात. परत साडेतीन हजार भरा म्हणत्यात. खरं हाय का हो?” सर्टिफिकेट एक वर्षाचं असतं, हे खरं आहे. ते पुन्हा मिळवायला एक रुपयाही लागत नाही, हेही तितकंच खरं आहे. मी म्हटलं, “काका, काही भरू नका. मुलाला परत परीक्षेला बसू दे, घरूनच.” त्यावर ते इतकंच म्हणाले, “भरलं की वो कालच.”

म्हणून आता हात जोडून विनंती. पीडीएफ वाटणं बंद करा. घेतलेल्या फीतले दोन हजार रुपये प्रत्येक मुलाच्या हातात द्या, त्याला त्याच्याच गल्लीतल्या गिरणीची नाही तर शिवणक्लासची खरी जाहिरात महिनाभर चालवू द्या, आणि रोज सकाळी वर्गात सगळ्यांसमोर सर्च टर्म्स रिपोर्ट उघडा. मुलं चुकतील, पण आपल्या देखत चुकतील, आणि रक्कम बेताची असेल. मग सर्टिफिकेट मिळालं काय, नाही मिळालं काय, माझ्यासारखे लोक त्यांना बोलावून नोकरी देतील. प्रवेशअर्जावर एवढंच छापा, की परीक्षा गूगलच्या स्किलशॉपवर आहे आणि ती फुकट आहे. तरीही पंचेचाळीस हजार भरून कोणी आपल्याकडे आलं, तर आपण खरंच चांगले शिक्षक आहात, हे मी मान्य करीन.

यातलं काही जमत नसेल, तर निदान जतच्या त्या काकांचे साडेतीन हजार परत करा. ‘रिन्यूअल चार्जेस’ लिहिलेली आपल्या सहीशिक्क्याची पावती त्यांच्याकडे आहे. तिचा फोटो त्यांनी मला पाठवला आहे आणि ग्राहक आयोगात तक्रार कशी करायची, तेही मी त्यांना सांगितलं आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला कृपाभिलाषी,
सांगलीचा एक जाहिरात व्यावसायिक