सातच्या मीटिंगवाल्या साहेबांना अनावृत पत्र

रा. रा. साहेब यांस,
सा. न. वि. वि.

सर्वप्रथम आपले अभिनंदन. यंदाही महिला दिनाला आपण केक कापलात, प्रत्येकीच्या हातात गुलाब दिलात आणि 'आपल्या कंपनीत बाई-पुरुष असा भेद कधी झालाच नाही' हे भाषण केलंत. कॅम्पसमधून घेताना तुम्ही पोरांना आणि पोरींना एकच पॅकेज देता, हे आम्ही ऑफर लेटर्स शेजारी शेजारी ठेवून पाहिलंय. पाप तिथे नाहीच.

पाप आहे सातच्या रिव्ह्यूत. अमेरिकेतला क्लायंट त्या सुमारास जागा होतो, हे कारण आम्हाला पाठ आहे. फक्त त्या रिव्ह्यूत एकही अमेरिकन नसतो! सगळे याच मजल्यावरचे, सकाळी दहापासून एकमेकांची तोंडं बघत बसलेले. पावणेसातला इन्व्हाइट येतं. पाळणाघर सातला बंद होतं, पुढे दर पंधरा मिनिटांना दंड. मग एकजण हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये, रिक्षात बसून कॉल ऐकते, स्वतःला म्यूटवर ठेवते, आणि तुम्ही नेमका तिलाच प्रश्न विचारता तेव्हा तिच्याआधी मागच्या टेम्पोचा हॉर्न उत्तर देतो. सगळे हसतात. तुम्ही तर अगदी मोकळ्या मनाने. अप्रेझलच्या फॉर्मवर मात्र ओळ येते, 'काम उत्तम. अव्हेलेबिलिटीत सुधारणेला वाव.' त्या वर्षी या ओळीने दोन-तीन टक्केच जातात. पण पुढची प्रत्येक वाढ त्या कमी आकड्यावर मोजली जाते. चक्रवाढ म्हणजे काय हे तुम्हाला मी काय सांगावं, तुम्ही फायनान्सचे.

'अमेरिकेत बघा, कसं सगळं मेरिटवर चालतं' हे आपलं आवडतं वाक्य. म्हणून तिकडचाच हिशेब देते. शिकागो विद्यापीठातून 1990 ते 2006 या काळात एमबीए झालेल्यांच्या कमाईचा अभ्यास बर्ट्रांड, गोल्डिन आणि कॅट्झ या अर्थतज्ज्ञांनी 2010 मध्ये प्रसिद्ध केला. बाहेर पडताना बायकांची सरासरी कमाई वर्षाला 1 लाख 15 हजार डॉलर, पुरुषांची 1 लाख 30 हजार. नऊ वर्षांनी बायका अडीच लाखांवर आणि पुरुष चार लाखांवर. परीक्षेतले गुण, घेतलेले विषय यांचा थोडा हात होता. बाकी बरंचसं नोकरीत पडलेल्या खंडाने आणि आठवड्याच्या तासांनी केलं, आणि त्या दोन्हींच्या मागे बहुतेक वेळा मूल होतं. यातल्या क्लॉडिया गोल्डिन यांना 2023 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. अशा नोकऱ्यांना त्या हावऱ्या नोकऱ्या म्हणतात. दुप्पट तास देणाऱ्याला तिथे दुपटीहून जास्त मिळतं.

अजून वरच्या मजल्यावर जाऊ, आपला मजला. फातिह गुवेनेन, ग्रेग कॅप्लान आणि जे साँग यांनी अमेरिकेच्या सोशल सिक्युरिटीच्या नोंदी चाळल्या. हजारात एक अशा सर्वाधिक कमावणाऱ्यांत 1981-85 मध्ये बायका दोन टक्केही नव्हत्या. 2008-12 मध्ये त्या साधारण दहा टक्के झाल्या. थांबा, केक मागवू नका. या तिघांनी कोण चढलं एवढंच मोजलं नाही, कोण टिकलं तेही मोजलं. वर पोचलेल्या बायका पुरुषांपेक्षा फार लवकर त्या यादीतून गळत होत्या. डोक्यावर काचेचं छत आहे हे सगळे बोलतच होते. पायाखालची फरशी कागदाची आहे, हे यांनी दाखवलं. बायकांचा टक्का वाढला तोही बराचसा हा कागद थोडा जाड झाला म्हणून. आपल्या वार्षिक तक्त्यात यातलं काही दिसत नाही, कारण गळालेली बाई पुढच्या वर्षीच्या तक्त्यात नसतेच.

आता जरा घरचं बोलते, राग मानू नका. वहिनी तुमच्याच बॅचच्या ना? आणि रँकमध्ये तुमच्या वर, हे तुम्हीच पार्टीत कौतुकाने सांगता. शिकागोच्या त्या अभ्यासात मूल झाल्यावर काम सोडणाऱ्या किंवा कमी करणाऱ्यांत भरपूर कमावणाऱ्या नवऱ्यांच्या बायका जास्त होत्या. म्हणजे रात्री अकरापर्यंतची तुमची ती प्रसिद्ध 'कमिटमेंट' दोन एमबीए मिळून पुरवतात, कंपनी पगार एकाला देते. वहिनींच्या खात्यात जमा काय? लिंक्डइनवर 'बेटर हाफ'चे आभार.

धंदाच असा, त्याला आपण काय करणार, असं म्हणाल. अमेरिकेतले फार्मासिस्ट बघा. दुकानांच्या साखळ्या आल्या, गिऱ्हाइकाची माहिती कॉम्प्युटरवर आली, एक फार्मासिस्ट घरी गेला की दुसरा त्याच नोंदीवरून औषध देऊ लागला. गोल्डिन आणि कॅट्झ यांनी या पेशाचाही हिशेब मांडला आहे. पगार दणदणीत, निम्म्याहून जास्त बायका, आणि कमी तास काम केलं तरी ताशी दर जवळजवळ तोच. ही किमया गुलाब वाटून झालेली नाही.

आपल्याकडेही 2017 च्या दुरुस्तीने 26 आठवड्यांची बाळंतपणाची रजा आली, 50 किंवा जास्त माणसं असतील तिथे पाळणाघर सक्तीचं झालं. आपलं पाळणाघर कागदोपत्री तिसऱ्या मजल्यावर आहे. तिथे सध्या टेबल टेनिस चालतं. तुमचा बॅकहँड सुधारलाय, असं ऐकते.

तेव्हा मागणं दोनच. रिव्ह्यू सकाळी अकराला घ्या. आणि दहा वर्षांपूर्वी एकाच दिवशी रुजू झालेल्या सगळ्यांची आजची पगाराची यादी नोटीस बोर्डावर लावा. ज्या सोडून गेल्या त्यांची नावं गाळू नका, त्यांच्यापुढे शून्य लिहा.

कळावे. लोभ आहेच, तो आणखी वाढवू नये ही विनंती.

आपली,
अव्हेलेबिलिटीत सुधारणेला वाव असलेली